घरचा संगणक फॉरमॅट करण्याआधी आणि केल्यानंतर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात विंडोज १० असलेला एकच डेस्कटॉप आहे. त्यावर आपण नेट बँकिंग करता आणि गृहनिर्माण सोसायटीचे हिशेब सांभाळता. महाविद्यालयात जाणारा मुलगाही तोच संगणक त्याच लॉगिनने वापरतो. गेल्या काही आठवड्यांपासून पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात 'आपल्या संगणकात व्हायरस सापडले आहेत' अशा सूचना येतात आणि क्रोममध्ये काही शोधले की भलतेच शोधपान उघडते. दुकानदाराने फॉरमॅट करून एक अँटिव्हायरस विकत घेण्याचा सल्ला दिला आहे. तो मानावा का, आणि मानल्यावर हे पुन्हा होणार नाही ना, असे आपण विचारता.

फॉरमॅट करावे लागेल की नाही, हे अर्ध्या तासाच्या तपासणीनंतर बहुधा ठरवता येते. माझ्या मते मात्र आपल्या प्रश्नातील सर्वांत गंभीर बाब त्या सूचना नाहीत, शोधपानही नाही. 'त्याच लॉगिनने' हे दोन शब्द गंभीर आहेत. त्यांच्याकडे सविस्तर येतो. आधी दिसणाऱ्या लक्षणांचा उलगडा करू.

कोपऱ्यातील सूचना नीट वाचून पाहा. तिच्यावर बारीक अक्षरांत एखाद्या अनोळखी संकेतस्थळाचे नाव आणि क्रोमचा उल्लेख असेल, तर ती विंडोजने दिलेली नाही. चित्रपट, क्रिकेटचे थेट प्रक्षेपण किंवा फुकट पुस्तके देणाऱ्या एखाद्या पानावर 'पुढे जाण्यासाठी अलाऊ दाबा' असे लिहिलेले असते. कोणीतरी ते दाबते आणि त्या पानाला आपल्या पडद्यावर वाटेल तेव्हा सूचना पाठवण्याचा परवाना मिळतो. हा तांत्रिक अर्थाने व्हायरसच नव्हे. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', त्यात 'साइट सेटिंग्ज' आणि त्यात 'नोटिफिकेशन्स' उघडले की परवाना मिळालेल्या स्थळांची यादी दिसते. तिथली अनोळखी नावे काढून टाकली की सूचना त्याच क्षणी थांबतात. एवढ्या कारणासाठी संगणक फॉरमॅट करणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे होय. त्या सूचनेवर टिचकी मारून दिलेल्या क्रमांकावर फोन करणे मात्र खरोखर धोक्याचे आहे. पलीकडचा माणूस एनीडेस्कसारखे दूरनियंत्रणाचे सॉफ्टवेअर उतरवायला लावतो आणि मग संगणकाचा ताबाच त्याच्याकडे जातो.

बदललेल्या शोधपानामागे साधारणपणे एखादे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा पूरक प्रोग्राम असतो. एक्स्टेन्शनची यादी उघडा आणि ज्याचे काम आपल्याला एका वाक्यात सांगता येत नाही ते काढून टाका. जुने, विश्वासाचे एक्स्टेन्शनही कायम विश्वासाचे राहत नाही, कारण ते तयार करणारा ते दुसऱ्याला विकू शकतो आणि नवा मालक पुढच्या अपडेटमधून त्यात काहीही घालू शकतो. 'द ग्रेट सस्पेंडर' या अतिशय लोकप्रिय एक्स्टेन्शनचे असेच झाले. मालकी बदलल्यानंतर त्यात संशयास्पद कोड आला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते क्रोम वेब स्टोअरमधून काढून वापरणाऱ्यांच्या ब्राउझरमध्ये बंद पाडले. एखादे एक्स्टेन्शन काढायला गेल्यावर काढण्याचे बटणच मिळत नसेल आणि क्रोमच्या मेनूत तळाशी 'मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन' असे दिसत असेल, तर सावध व्हा. घरच्या संगणकाला कसली आली आहे संस्था? काही अँटिव्हायरसमुळेही ही ओळ दिसू शकते, परंतु अनेकदा तिचा अर्थ असा असतो की कोणत्या तरी प्रोग्रामने विंडोजच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या नोंदवहीत) शिरून ब्राउझरवर सक्तीचे धोरण लादले आहे. मालवेअरबाइट्सचे 'ॲडडब्ल्यूक्लीनर' हे मोफत साधन अशा प्रकारच्या घाणीसाठी चांगले आहे.

यानंतर विंडोज सिक्युरिटी उघडून 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'च्या सेटिंग्जमध्ये 'एक्स्क्लूजन्स'ची यादी पाहा. दुकानातले तंत्रज्ञ ही जागा सहसा पाहत नाहीत, मी मात्र ती सर्वांत आधी पाहतो. डिफेंडरने, म्हणजे विंडोजबरोबरच येणाऱ्या अँटिव्हायरसने, कोणत्या फोल्डरकडे दुर्लक्ष करावे ते तिथे नोंदलेले असते आणि सर्वसाधारण घरात ती यादी रिकामी असायला हवी. तिथे संपूर्ण सी ड्राइव्ह किंवा 'ॲपडेटा'सारखे फोल्डर दिसले, तर कोणीतरी ॲडमिनिस्ट्रेटरचे (संगणकात काहीही बदलू शकणाऱ्या खात्याचे) अधिकार वापरून पहारेकऱ्याला डोळे मिटायला सांगितले आहे. मग स्कॅन कितीही वेळा केला तरी तो 'सर्व ठीक' असेच सांगणार. नोंद काढून टाका, टॅम्पर प्रोटेक्शन (डिफेंडरच्या सेटिंग्ज दुसऱ्या प्रोग्रामला बदलू न देणारी सोय) चालू आहे ना ते पाहा आणि डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन चालवा. त्यासाठी संगणक पुन्हा सुरू होतो, सुमारे पंधरा मिनिटे लागतात आणि नेहमीचे विंडोज चालू नसल्यामुळे लपून बसलेल्या प्रोग्रामला लपायला जागा उरत नाही. दुसरे मत हवे असेल तर भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर मोफत साधने मिळतात.

इथपर्यंत केवळ नोटिफिकेशन आणि एक्स्टेन्शन एवढेच सापडले, तर फॉरमॅटची गरज नाही. एक्स्क्लूजनमध्ये नोंद सापडली, डिफेंडर आपोआप बंद होत असेल, किंवा मुलाने एखादे क्रॅक केलेले, म्हणजे परवान्याचे कुलूप तोडलेले, सॉफ्टवेअर चालवले असल्याचे कळले, तर मात्र मी साफसफाईच्या भरीस पडणार नाही. सरळ नव्याने विंडोज टाकेन.

आता त्या दोन शब्दांकडे येतो. आज घरगुती संगणकांवर हल्ला करणाऱ्या हेर प्रोग्रामांतील मोठा वर्ग माहिती चोरणाऱ्यांचा आहे. रेडलाइन, रॅकून आणि लुम्मा ही त्यांतील प्रसिद्ध नावे. लुम्माचे जाळे मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि अनेक देशांच्या तपासयंत्रणांनी मिळून मोडले, तेव्हा १६ मार्च ते १६ मे या दोनच महिन्यांत जगभरातील ३ लाख ९४ हजारांहून अधिक विंडोज संगणकांना त्याची लागण झाल्याचे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले होते. असा प्रोग्राम एकदा चालला की ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, कार्डांचे तपशील आणि लॉगिनच्या कुकी (आपण आधीच लॉगिन केले आहे हे संकेतस्थळाला सांगणाऱ्या छोट्या नोंदी) गोळा करतो, ते सारे एका गठ्ठ्यात बांधून बाहेर पाठवतो आणि बऱ्याचदा मागे काहीही ठेवत नाही. संगणक मंद होत नाही, सूचना येत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी केलेल्या स्कॅनमध्ये काही सापडतही नाही. म्हणून स्वच्छ स्कॅनचा अर्थ 'आत्ता इथे कोणी नाही' एवढाच घ्यावा. काही चोरीला गेले नाही, असा तो घेऊ नये.

क्रोम किंवा एजमध्ये साठवलेले पासवर्ड कुलूपबंद असतात, परंतु त्या कुलपाची किल्ली विंडोजच्या लॉगिनशी जोडलेली असते. त्या लॉगिनखाली चालणारा प्रोग्राम ती किल्ली मागू शकतो. गूगलने जुलै २०२४ मध्ये क्रोमच्या १२७ व्या आवृत्तीपासून कुकींसाठी अधिक कडक व्यवस्था आणली. चोरट्यांनी काही महिन्यांतच तिलाही वळसा घातला. मुलाने आपल्या लॉगिनखाली एखाद्या खेळाचा क्रॅक चालवला, तर त्या क्रॅकला आपल्या बँकेचा पासवर्ड वाचायला ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकारांचीही गरज नाही. तोच क्रॅक त्याने स्वतःच्या वेगळ्या, मर्यादित अधिकारांच्या खात्यातून चालवला असता, तर विंडोजनेच त्याला आपल्या फोल्डरपर्यंत येऊ दिले नसते. माझ्या अनुभवात घरच्या संगणकासाठी याहून उपयुक्त आणि पूर्णपणे मोफत उपाय दुसरा नाही, आणि तो करणारी घरे फार थोडी आहेत.

हे करण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. सेटिंग्जमधील 'अकाउंट्स'मध्ये जाऊन प्रथम एक नवे खाते तयार करा, त्याला ॲडमिनिस्ट्रेटर करा आणि त्याचा पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवा. त्या खात्यात एकदा शिरून ते चालते याची खात्री करा. मगच आपले रोजचे खाते 'स्टँडर्ड', म्हणजे मर्यादित अधिकारांचे, करा आणि मुलासाठी तसेच वेगळे स्टँडर्ड खाते काढा. क्रम उलटा केलात तर स्वतःच्याच घराबाहेर अडकून पडण्याची वेळ येऊ शकते. यानंतर काहीही इन्स्टॉल करताना विंडोज केवळ 'हो की नाही' विचारून थांबणार नाही, पासवर्ड मागेल. सुरुवातीला हे त्रासदायक वाटते आणि घरातून कुरकुर येते. येऊ द्यावी. मुलाला तो पासवर्ड देऊ नये, एवढे पथ्य मात्र पाळावे लागेल.

आतापर्यंत दोघे एकाच लॉगिनने काम करत होतात आणि संगणकावर नेमके काय चालले याची खात्री नाही, म्हणून पासवर्ड चोरीला गेले आहेत असे धरूनच चाला. ते बदलायचे आहेत, परंतु या संगणकावरून नव्हे. आपल्या फोनवरून किंवा दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून. सुरुवात ईमेलपासून करा, कारण इतर सर्व खात्यांचे पासवर्ड बदलण्याचे दुवे तिथेच येतात. मग बँक, मग बाकीचे. पासवर्ड बदलून भागत नाही, हे इथे विशेष लक्षात घ्यावे. लॉगिनची कुकी ज्याच्या हाती लागते त्याला पासवर्ड लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही, कारण संकेतस्थळाच्या दृष्टीने तो आधीच आत आलेला माणूस असतो. त्यामुळे ईमेलच्या सुरक्षा पानावर जाऊन सर्व उपकरणांवरून लॉगआउट करा, मेल दुसऱ्या पत्त्यावर पुढे पाठवण्याची एखादी सूचना कोणी गुपचूप टाकलेली नाही ना ते पाहा, आणि व्हॉट्सॲपमधील 'लिंक्ड डिव्हायसेस'ची यादीही तपासा.

अशा गोष्टी घरात येतात कुठून, याचे उत्तर तसे एकसुरी आहे. फुकटचे फोटोशॉप, खेळांचे क्रॅक आणि विंडोज किंवा ऑफिस 'ॲक्टिव्हेट' करणारे छोटे प्रोग्राम हा मुख्य रस्ता. ते चालवण्याच्या सूचनांतच 'आधी अँटिव्हायरस बंद करा' असे लिहिलेले असते आणि लोक ते निमूटपणे पाळतात. २०१८ पासून घरगुती संगणकांवरील फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारे 'स्टॉप' नावाचे कुळ प्रामुख्याने याच रस्त्याने पसरले आणि भारतातही त्याने पुष्कळांचे कौटुंबिक फोटो नेले.

मराठी वाचकांसाठी आणखी एक रस्ता मुद्दाम सांगायला हवा. गूगलचे विंडोजवर ऑफलाइन चालणारे मराठी टायपिंगचे साधन गूगलने देणे थांबवून बरीच वर्षे झाली, तरी ते शोधणारे अजूनही असंख्य आहेत आणि त्यांच्यासाठी ते 'डाउनलोड' करून देणारी कोणाकोणाची पाने आहेत. त्या फाइलीत मूळ साधनाबरोबर आणखी काय भरले आहे याची हमी कोणीच देऊ शकत नाही. त्याची आता गरजही नाही. विंडोज १० मध्ये मे २०१९ च्या अपडेटपासून 'मराठी फोनेटिक' कळफलक अंगभूत आहे. भाषेच्या सेटिंग्जमध्ये मराठी जोडली की तो निवडता येतो आणि रोमन लिपीत उच्चाराप्रमाणे टाइप केले की देवनागरी उमटते. सोसायटीच्या नोटिसा लिहिण्यासाठी आपणही असे काही उतरवले असेल, तर ते आजच काढून टाका.

गेल्या दोन वर्षांत एक नवी युक्ती जोरात आहे आणि ती सुशिक्षित माणसालाही फसवते. एखादे पान 'आपण रोबोट नाही हे सिद्ध करा' असे म्हणते. चौकटीवर टिचकी मारली की चित्रे ओळखायला सांगण्याऐवजी तीन पायऱ्या दाखवते: विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा, मग कंट्रोल आणि व्ही दाबा, मग एंटर. आपण टिचकी मारली तेव्हाच त्या पानाने एक आज्ञा गुपचूप कॉपी करून ठेवलेली असते. या तीन पायऱ्यांनी आपण ती 'रन'च्या खिडकीत चिकटवतो आणि स्वतःच्या हाताने चालवतो. ती खिडकी अरुंद असल्यामुळे आज्ञेचा शेवटचा निरुपद्रवी भागच डोळ्यांसमोर राहतो, 'मी रोबोट नाही, पडताळणी क्रमांक अमुक' असा काहीतरी. पॉवरशेलला (विंडोजमध्ये आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामला) हाक मारणारा खरा मजकूर डावीकडे दडलेला असतो. फाइल उतरवली नाही, काही इन्स्टॉल केले नाही, म्हणून वापरणाऱ्याला आपण काही केले असे वाटतच नाही. कोणतेही प्रामाणिक संकेतस्थळ 'रन'ची खिडकी उघडायला सांगत नाही, हे मुलाला आणि घरातील ज्येष्ठांना आवर्जून सांगून ठेवा.

पेनड्राइव्हचा प्रश्न जुना असला तरी झेरॉक्सच्या दुकानांमुळे आपल्याकडे तो टिकून आहे. दुकानातून परत आणलेल्या पेनड्राइव्हमध्ये आपल्या फोल्डरच्या जागी त्याच नावाचे, कोपऱ्यात छोटा बाण असलेले शॉर्टकट दिसले, तर ते उघडू नका. मूळ फाइली लपवलेल्या असतात आणि शॉर्टकट उघडताच आधी व्हायरस चालतो. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये लपलेल्या फाइली आणि फाइलींची पूर्ण नावे दिसतील असे करून घ्या. पूर्ण नावे दिसू लागली की 'लाइट बिल.पीडीएफ' वाटणारी फाइल प्रत्यक्षात 'लाइट बिल.पीडीएफ.ईएक्सई', म्हणजे चालणारा प्रोग्राम, आहे हेही कळते. छपाईसाठी दुकानात फाइल ईमेलने पाठवणे बरे.

अँटिव्हायरस विकत घ्यावा का? विंडोजबरोबर येणारा डिफेंडर वरील सवयींसह घरासाठी पुरेसा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पुण्याच्या क्विक हीलसारखे एखादे उत्पादन घेतलेत तर त्यात गैर काही नाही. मराठीत फोनवर मदत मिळणे हीच कित्येक घरांत पैसे देण्याची रास्त गरज असते. परंतु सशुल्क अँटिव्हायरस आहे म्हणून क्रॅक चालवायला हरकत नाही, ही समजूत त्या पैशांपेक्षा महाग पडते. दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नका आणि मुदत संपलेला असेल तर काढून टाका. 'फुकट' म्हणून मिळणाऱ्यांबाबत एवढेच सांगतो की अवास्त या नामांकित कंपनीवर वापरणाऱ्यांची ब्राउझिंगची माहिती विकल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फेब्रुवारी २०२४ मध्ये १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्याची कारवाई केली. हेरगिरीपासून वाचण्यासाठी घेतलेल्या साधनानेच ती केली. संगणक 'वेगवान' आणि 'स्वच्छ' करणारी साधने मी कोणालाच सुचवत नाही. २०१७ मध्ये सीक्लीनर या अशाच साधनाच्या अधिकृत आवृत्तीतच हल्लेखोरांचा कोड घुसला होता आणि ती सुमारे २२ लाख संगणकांवर पोहोचली होती.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती ग्राहकांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट घेता येतात. विंडोज अपडेटच्या पानावर त्याचा दुवा दिसतो. डिफेंडरला नव्या व्हायरसांची ओळख त्यानंतरही मिळत राहणार आहे, पण तेवढ्यावर विसंबू नका, कारण विंडोजमधील नव्याने सापडलेले छिद्र त्याने बुजत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला तेव्हा त्याला अडवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेले होते. ज्यांनी ते घेतले नव्हते त्यांचे संगणक गेले. आपल्या यंत्रात टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या साठवणारी चिप) आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर असेल तर विंडोज ११ वर जाणे योग्य. नसेल आणि काम ब्राउझरपुरतेच असेल तर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली हा चांगला पर्याय आहे, परंतु हिशेबाचे सॉफ्टवेअर त्यावर चालते का ते आधी पाहावे लागेल.

फॉरमॅट करायचेच ठरले, तर दुकानदाराला एक प्रश्न विचारा: कोणते विंडोज टाकणार आणि त्याचा परवाना कुठला? उत्तर 'सगळे चालते हो, काळजी करू नका' असे आले तर संगणक घरी आणा. ॲक्टिव्हेटर वापरून टाकलेले विंडोज घेणे म्हणजे आगीतून निघून फुफाट्यात पडणे. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरील मीडिया क्रिएशन टूल दुसऱ्या स्वच्छ संगणकावर चालवून किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मूळ विंडोज घेता येते आणि आपल्या यंत्रावर आधी अस्सल परवाना असेल तर ते इंटरनेट मिळताच स्वतःहून ॲक्टिव्हेट होते. जुन्या डिस्कवरून फक्त दस्तऐवज, फोटो आणि हिशेबाचा डेटा घ्या; इन्स्टॉलर, शॉर्टकट आणि चालवता येणाऱ्या कोणत्याही फाइली घेऊ नका.

सोसायटीचे हिशेब आपल्या एकट्याचे नाहीत, म्हणून त्यांची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि प्रत काढून झाली की ती डिस्क संगणकापासून सोडवून ठेवा. सतत जोडलेली डिस्क खंडणीखोर प्रोग्रामच्या दृष्टीने संगणकाचाच भाग असते. वर्षातून दोनदा त्या प्रतीतून एखाद्या महिन्याचा हिशेब उघडूनही पाहा, म्हणजे प्रत खरोखर चालते हे कळेल.

बँक खात्याचे विवरण आजच तपासा. अनोळखी व्यवहार दिसला, तर वर सांगितलेले सारे बाजूला ठेवून प्रथम बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवा, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाची जबाबदारी ठरवताना तक्रार किती लवकर केली याला मोठे महत्त्व दिले आहे. त्या परिपत्रकानुसार, चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा व्यवहारांत, बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर ग्राहकावर भार पडत नाही. अशा वेळी संगणक फॉरमॅट करू नका. इंटरनेटची वायर काढा, पडद्यावरील संशयास्पद गोष्टींचे फोनने फोटो घ्या आणि तक्रारीचा क्रमांक मिळून पोलिसांनी हरकत नसल्याचे सांगेपर्यंत यंत्र तसेच बंद ठेवा.